वीस ग्रॅमचे वीर आणि चिंचगुडीचा तळ

डोक्यावर रुंद कडांची टोपी, कमरेला पिस्तूल, एका हातात कंदील, दुसऱ्यात गुंडाळलेला नकाशा. चेहरा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, तरी कोरणाऱ्याने त्यात आवळलेला जबडा आणि बारीक केलेले डोळे बसवले आहेत. तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची २८ मिलिमीटर, वजन वीसेक ग्रॅम. हा गडी हरवलेल्या नगरीच्या शोधात जंगलात शिरलेला साहसवीर आहे. टेबलावर खेळायच्या साहसखेळांसाठी अशा धातूच्या बाहुल्या ओतल्या जातात. त्यांची दुनिया १९२०-३० च्या दशकांतली: विमानातून उडी टाकणारे वैमानिक, शापित मूर्ती पळवणारे चोर, गुप्त पंथाचे पुजारी, पाठीवर कॅमेरा टाकून हिंडणाऱ्या बातमीदार बाया.

माजरीसारख्या कोळशाच्या गावात हा नाद कोणाला असेल, असं कोणालाही वाटेल. मला आहे. वर्धा-बल्लारशा मार्गावरचं हे जंक्शन, इथून एक फाटा वणीकडून आदिलाबादला जातो, आणि आजूबाजूला खाणींचे काळे ढिगारे. बाहुली हातात आली की आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची, कारण ओतताना साच्याला लावलेली पूड अंगाला चिकटून असते. मग साच्याच्या दोन चकत्या जिथे मिळतात तिथली शिवण बारीक कानशीने घासायची. बगलेत, टोपीच्या कडेखाली, बंदुकीच्या नळीवर ही रेघ हमखास लपलेली असते, आणि ती राहून गेली तर रंगानंतर जास्तच उठून दिसते. प्रायमर वाळला की गडद रंग पातळ करून खाचाखोचांत सोडायचा, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग घासायचा. पायाखालच्या चकतीवर परदेशातले लोक विकतची वाळू लावतात. मी चहाच्या गाळणीने चाळलेला कोळशाचा चुरा लावतो. इथली जमीन तशीच आहे.

या बाहुल्यांचं ओतकाम मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याच्याशी गाठ आहे. शिल्पकार दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या हिरव्या लांबीत मूळ आकृती घडवतो. तिच्यावरून काढलेल्या धातूच्या प्रती रबराच्या दोन गोल चकत्यांमध्ये ठेवून उष्णता आणि दाबाखाली साचा पक्का करतात. मग साचा गरगर फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला पांढरा धातू सोडायचा. वेगामुळे तो कडेपर्यंत फेकला जातो आणि बोटाच्या टोकापर्यंत भरतो. हा धातू बहुतांशी कथलाचा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रबर तग धरतं. पूर्वी त्यात शिसं भरपूर असे. १९९० च्या दशकात शिशाविरुद्धचे नियम आणि पालकांची काळजी दोन्ही वाढली आणि अनेक उत्पादकांनी ते काढून टाकलं. एकाच साच्यातून शेकड्यांनी सारख्याच आकृत्या निघतात. खेळाचा सगळा धंदा या सारखेपणावर उभा आहे.

लहान धातूचे सैनिक युरोपात फार जुने, पण घरोघर पोचले ते १८९३ नंतर. त्या वर्षी लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ ओतकामाची युक्ती काढली आणि शिशाचा सैनिक हलका व स्वस्त झाला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात याच सैनिकांनी जमिनीवर लढाई कशी खेळायची याचे नियम लिहिले. ज्या वेल्सनी परग्रहावरचं आक्रमण लिहिलं, त्यांनीच खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी कशी मारायची हेही लिहिलं, याचं मला फार अप्रूप आहे. त्याच सुमारास अमेरिकेत स्वस्त, खरखरीत कागदावरची ‘पल्प’ मासिकं जोरात होती. १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये टारझन अशाच एका मासिकात अवतरला, आणि त्याच वर्षी कॉनन डॉयल यांच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये पठारावर जिवंत डायनोसॉर सापडले. १९३० च्या दशकात शॅडो आणि डॉक सॅव्हेज हे मासिकांतले नायक आले. १९८१ साली इंडियाना जोन्सच्या पहिल्या चित्रपटाने तो सगळा मसाला पुन्हा पडद्यावर आणला, आणि पुढे खेळाच्या टेबलावरही त्याची सोय झाली. कॅनडातले बॉब मर्च, इंग्लंडातले मार्क कॉपलस्टोन हे या जातीच्या बाहुल्यांचे नावाजलेले शिल्पकार. ‘पल्प अॅली’सारख्या नियमावलीत तर मोठं सैन्य लागतच नाही. तीन बाय तीन फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पात्रं, आणि मध्ये पेरलेली गुपितं. जो गुपितापर्यंत आधी पोचला आणि संकटातून तरला, तो जिंकला.

आपल्याकडे हे साहित्य नव्हतं असं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर दोन पिढ्यांनी जीव टाकला. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप तर सरहद्दी ओलांडत असे. रेल्वे फलाटांवरच्या स्टॉलांनी आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी या पातळ पुस्तकांना महाराष्ट्रभर फिरवलं. पण झुंजारची धातूची बाहुली कोणी ओतली नाही. आपल्या हाती आल्या त्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या आकृत्या: सिंहासनावर महाराज, भाले घेतलेले मावळे, पायथ्याला गवळण, गुहेत वाघ. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि वाघ हत्तीएवढा, पण त्या मापाची तक्रार कोणा मुलाने केलेली मला आठवत नाही. आमच्या विदर्भात शिवाय तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांवरचा लाकडी बैल ओढत पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. छोट्या आकृतीला चाकं लावून तिला खऱ्या जगाचा मान द्यायचा, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आणि ते फार जुनं आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना जमिनीत धातूचे चार पुतळे सापडले. बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा सडपातळ सारथी, रथाच्या दांडीवर एक कुत्रा. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब, चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. काळाबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद झाले, तरी उत्तर हडप्पा काळातले मानणाऱ्यांचं पारडं जड आहे. माझं लक्ष नेहमी त्या कुत्र्याकडे जातं. रथ चालायला कुत्र्याची गरज नाही. ज्याने मेणात तो घडवला त्याला सारथ्याबरोबर त्याचा कुत्राही हवा होता. सारथी एवढ्या एका गोष्टीने ‘कोणी एक’ राहत नाही, ‘तो’ होतो.

धातूच्या छोट्या बाहुलीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. ती कोणाला ‘तो’ करते आणि कोणाला नाही, यावर सगळं ठरतं.

जंगल-साहसाचे संच उघडून पाहा. गोऱ्या शोधयात्रींच्या पाकिटात पाच बाहुल्या, पाचही वेगवेगळ्या: प्राध्यापक, शिकारी, वैमानिक, धाडसी तरुणी, आणि कोणीतरी जाडा लुटारू. प्रत्येकाला टोपणनाव आणि स्वभाव. शेजारच्या पाकिटात ‘टोळीवाले’. तीन-चार ठेवणींत सगळे निपटलेले, हातात भाले, तोंडं उघडी. त्यांची नावं नसतात. खेळात ते ओळीने येतात आणि ओळीने पडतात. शेजारचा सातवीतला पोरगा माझ्या टेबलाशी उभा होता. त्याने दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “काका, ह्यायचा मुखिया कोनता आहे?” पाकिटात मुखिया नव्हता.

माझं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलं की तेच ‘जंगल’ लागतं, ज्याच्यावर त्या कथा पोसल्या. तिथे हरवलेली दुनिया खरोखर आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी ‘बारापासॉरस’ या प्रचंड डायनोसॉरची हाडं खोदून काढली. १९७५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याचा सांगाडा कोलकात्याला उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. माजरीचा कोळसा त्या प्राण्याच्याही आधीचा, पर्मियन काळातला. डॉयलला पठार कल्पावं लागलं. आमच्याकडे त्याचा दगडी पुरावा सापडतो.

पण माणसांकडे या कथांनी जसं पाहिलं ते मला मान्य नाही. राजगोंडांचा दंडारी-गुसाडी नाच घ्या. राजुरा-जिवतीच्या डोंगरपट्ट्यापासून किनवट आणि आदिलाबादपर्यंत दिवाळीच्या दिवसांत दंडारीची पथकं एका गावातून दुसऱ्या गावात जातात. गुसाडी अंगाला राख फासतो, डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड मुकुट घालतो, खांद्यावरून कातडं सोडतो, हातात दंड, कमरेला आणि पायांत घुंगरं. पल्प मासिकाच्या मुखपृष्ठावर हे चित्र गेलं असतं तर खाली ‘नरभक्षक’ लिहिलं गेलं असतं. गावात मात्र गुसाडी येतो तो देवाचा पाहुणा म्हणून. यजमान गाव पथकाचं स्वागत करतं, जेवू घालतं, एका गावाचं दुसऱ्याशी असलेलं नातं त्या नाचातून नवं होतं. २०२१ च्या पद्मश्रींच्या यादीत गुसाडी नर्तक कनक राजू यांचं नाव होतं. ज्याच्यावर अवघ्या गावाची नजर असते, त्याला बिनचेहऱ्याच्या रांगेत उभं करणं ही मला कलाकृतीतली खोट वाटते. नीतीची खोट तर ती आहेच.

त्याच गोंडांच्या घंटा, पैंजण, दिवे, देवांच्या आकृत्या आणि घोडेस्वार ओतणारे लोक म्हणजे ओझा. माजरीहून निघणारा फाटा जिथे पोचतो त्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या उशेगावची ओझा कुटुंबं या कामासाठी प्रसिद्ध आहेत. ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने या कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पलीकडे, गडचिरोलीच्या पूर्वेला बस्तरात हेच काम घडवा समाज करतो. कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी ते जगभर नेलं. पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच. आधी मातीत भुसा-शेण कालवून गाभा करायचा. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून ते गरम करायचं आणि दाबयंत्रातून त्याचे सुतासारखे धागे काढायचे. गाभ्यावर ते धागे शेजारी शेजारी गुंडाळत जायचं. डोळे म्हणजे मेणाच्या दोन गोळ्या, लगाम म्हणजे एक वळवलेला धागा, दागिना म्हणजे धाग्याचं वेटोळं. त्यावर आधी बारीक, मग जाड मातीचे थर. भट्टीत मेण पळतं आणि त्याने सोडलेल्या जागेत पितळ उतरतं. हे नऊशे अंशांच्या पलीकडचं काम आहे, रबराला तिथे थारा नाही. गार झाल्यावर साचा फोडायचा. म्हणजे त्या साच्यातून दुसरी आकृती निघणं शक्यच नाही. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकीही अशीच मेण घालवून ओतलेली.

जवळून पाहिलं तर ओझांचा घोडेस्वार आपल्या नेहमीच्या मापात बसत नाही. घोड्याचे पाय आखूड, मान लांब, स्वाराचं धड घोड्याच्या पाठीतून उगवल्यासारखं, आणि सगळ्या अंगावर मेणधाग्यांच्या बारीक समांतर रेघा. शरीररचनेचा आग्रह नाही. हा स्वार कोणाचा तरी आहे: एखाद्या कुळाच्या देवाचा, पूर्वजाचा, गोंड राजाचा. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि बल्लारपूर ज्यांनी वसवलं त्यांचे वंशज आजही या पट्ट्यात राहतात. त्यांच्यासाठी ओतलेला वीर बिननावाचा असणारच नाही. कथलाची बाहुली शंभर टेबलांवर तीच असते. ओझांचा स्वार एकटा. मला दोन्ही आवडतात. खेळाला पहिली हवी, पण तिला ओतण्याआधी दुसऱ्याकडे पाहायला हवं.

म्हणून मी हरवलेली नगरी सोडून दिली आणि चिंचगुडी घेतली.

बाबूराव पुलेश्वर शेडमाके, मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला, १२ मार्च १८३३ चा जन्म. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं तेव्हा चांदा त्यांच्याकडे गेला. मार्च १८५८ मध्ये, जेमतेम पंचविशीतल्या बाबूरावाने गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवून राजगड परगणा घेतला. आडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटनच्या फौजेशी नांदगाव-घोसरीला झुंज झाली. गढी-सुर्ल्याच्या डोंगरावरून बाबूरावाच्या माणसांनी मोठमोठे दगड खाली लोटल्याचं सांगितलं जातं. एप्रिलमध्ये सगणापूर, बामनपेठ इथे लढाया. आणि २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारायंत्र खात्याच्या तळावर छापा. खात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले, त्यांचा सहकारी पीटर निसटला आणि क्रायटनपर्यंत पोचला. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावाला पकडून इंग्रजांच्या हवाली केलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. तिथल्या पिंपळाखाली दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. व्यंकटराव बस्तरात गेला, १८६० मध्ये हाती लागला, त्याला जन्मठेप झाली.

यात पल्पवाल्यांनी मागावं ते सगळं आहे. रात्रीचा छापा, नदी, तारेची गुंडाळी, निसटणारा माणूस, फितुरी. फरक एवढाच की नकाशा घेऊन आलेले इथे तळावर आहेत आणि नायक अंधारातून येतो. शिवाय तारेचा तळच का? १८५७ च्या धामधुमीत तारायंत्राने इंग्रजांना बातम्या वेळेवर पोचवल्या आणि कित्येकदा वाचवलं. तार पुढे सरकली की जंगल आपलं राहत नाही, हे ज्याला कळलं होतं त्याच्या लष्करी बुद्धीला खेळात जागा मिळाली पाहिजे. म्हणून माझ्या खेळात मुख्य गुपित ना खजिना, ना मूर्ती. ते तारेचं सामान आहे. बाबूरावाच्या बाजूने ते नष्ट केलं तर सर्वांत जास्त गुण, साहेबाला मारण्याचे त्याहून कमी.

टेबल मांडताना एप्रिलचं जंगल मांडावं लागलं. परदेशी संचातली दाट हिरवी झाडं इथे चालत नाहीत. त्या दिवसांत साग उघडाबोडका असतो, खाली पानांचा खच. प्राणहिता आटलेली, मध्ये वाळूचे पट्टे. सागाची खोडं मी तुरीच्या वाळक्या काटक्यांची केली, वाळू वर्धेची चाळून घेतली. मग प्रश्न आला उजेडाचा. १५ मार्च १८५८ ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे ती अमावस्या. तिथून हिशेब केला तर २९ एप्रिलची रात्र पौर्णिमेच्या अगदी पाठची येते. म्हणजे रात्र असली तरी काळोख नव्हता. पानं नसलेल्या सागातून चांदणं थेट जमिनीवर पडणार आणि वाळक्या पानांवर पाऊल वाजणार. छापा घालणाऱ्यांसाठी याहून अवघड रात्र शोधून सापडली नसती. त्यातून नियम झाला: पानांच्या खचावर तीन इंचांपेक्षा जास्त चाल केली की फासा टाकायचा, एक किंवा दोन पडलं तर पहारेकरी जागा. वाळूवरून गेलात तर आवाज नाही, पण पूर्ण उघड्यावर. शेजारचा पोरगा बाबूराव घेऊन खेळला. त्याने चौघांना वाळूवरून पाठवून पहाऱ्याचं लक्ष तिकडे वेधलं आणि व्यंकटरावाला पानांतून एकेक इंच आणलं. मला हे सुचलं नव्हतं.

बाहुल्यांची अडचण मात्र कायम आहे. १८५७ च्या उठावाच्या धातूच्या बाहुल्या इंग्लंडात मिळतात. लाल डगल्यातले गोरे, शिपाई, रोहिल्यांच्या जवळ जाणारे अनियमित लढवय्ये त्यांत आहेत. तारायंत्रवाले साधे मुलकी पोशाखातले, तेही जमतात. मी पाहिलेल्या संचांत गोंड नाहीत, माडिया नाहीत. मी रोहिल्यांच्या डोक्यावरचे फेटे कापून हिरव्या लांबीने केसांची गाठ घडवतो, तलवारीच्या जागी कुऱ्हाड बसवतो, गुडघ्यापर्यंतचं धोतर चढवतो. बाबूराव जमीनदाराचा मुलगा, रायपूरला शिकून आलेला. त्याला घोडा हवा, चांगलं पागोटं हवं. त्याला टोळीवाला करून चालणार नाही आणि साहेबही करून चालणार नाही. प्रत्येक गड्याचा चेहरा वेगळा राहील एवढी खबरदारी मी घेतो. दोघांच्या हातात धनुष्य, एकाकडे ठासणीची बंदूक, एक म्हातारा, एक मिसरूड न फुटलेला. एकाच्या पायाशी कुत्रा ठेवला आहे.

त्रिमितीय छपाईमुळे आता पुष्कळ जणांचं काम सोपं झालंय. संगणकावर आकृती घडवून रेझिनमध्ये छापता येते, साच्याचा खर्च नाही. चंद्रपूर किंवा नागपूरच्या एखाद्या मुलाने राजगोंड लढवय्यांचा संच त्यात घडवावा असं मला मनापासून वाटतं. धातूचं वजन हातात वेगळंच लागतं, पण चेहरे आधी घडू देत. ज्याला करायचं असेल त्याने पोशाखासाठी जुने गॅझेटिअर आणि ओझांच्या ओतीव आकृत्या दोन्ही पाहाव्यात. स्वाराचं बसणं, ढाल धरण्याची तऱ्हा, घोड्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ हे त्या पितळेत नोंदलेलं आहे.

सध्या काम गढी-सुर्ल्याचं चाललंय. डोंगर थर्माकोलचा कापून झाला आहे. उतारावरून गडगडणाऱ्या दगडांचा नियम अजून बसत नाही. दगड सरळ रेषेत सोडले तर खालची तुकडी सहज बाजूला होते, फाशाने वाट बदलू दिली तर वर चढणाऱ्या आपल्याच माणसांवर येतात. पोरगा म्हणतो, दगड कुठून लोटायचे ते बाबूरावाने खेळाच्या आधी ठरवून चिठ्ठीवर लिहून ठेवावं, कारण त्याला डोंगर ठाऊक होता, क्रायटनला नव्हता. येत्या रविवारी तसं खेळून पाहणार आहोत.